अकरा महिन्यांचा करार

करारावर लिहिलं होतं : अकरा महिने.
वरचा मजला, दोन खोल्या, गॅलरी,
आणि पाण्यावरून भांडायचं नाही
(हे कलम आमच्या ह्यांनी पेनाने वाढवलं).

पोलिसांत फॉर्म दिला.
नाव : तुंजाय. धंदा : टॉवेलच्या मागांचा मिस्त्री.
बायको नेसरिन. मुलगा ओझान, वय सात.
मुलगी दिलारा, साडेतीन.
गाव : देनिझ्ली. तिथंही म्हणे टॉवेलच विणतात.
मग टॉवेलांच्या गावातून टॉवेलांच्याच गावात
पोराबाळांना घेऊन कशाला आलास बाबा,
असं मी विचारलं नाही.
चहा घेणार का, विचारलं.

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
हे कुठल्या भाषेत सांगायचं?
मी बोटं दाखवली, पाच.
तिला वाटलं पाच वाजता.
सहाव्या दिवशी खाली आली,
डोक्याला फेस, डोळे गच्च मिटलेले,
जिना चाचपत, आणि म्हणाली एकच शब्द :
सबून.
माझी तर कळशी हातातच राहिली.
अगं, साबण! आमचाच आहे की तो!

त्या दिवसापासून ओझान वहीत शब्द जमवू लागला,
दोन्ही घरांत चालणारे.
हवा. दुकान. पडदा. मैदान. दुनिया.
माझ्या ओट्यावर बसून पेन्सिल चावायचा,
आणि ऐकायचा :
दूधवाल्याशी मी मराठीत,
भाजीवाल्या नीलव्वाशी कन्नडात,
ह्यांच्यावर ओरडायचं तर तेलुगूत.
एक दिवस त्याने वही मिटली.
यातली तुमची खरी कुठली?

खरी.
मी शेंगा सोलत होते, सोलतच राहिले.
मग त्याला आत नेलं, दिवाण सरकवला,
खालची फरशी उचलली :
हा बघ खड्डा.
ह्यांचे आजोबा करीमनगरकडून आले,
म्हणाले, दिवाळीपर्यंत राहू,
आणि पाय सोडून बसायला
जमिनीत हा खड्डा खणला मागासाठी.
तात्पुरता.
आता मी यात कांदे ठेवते.
त्याने वाकून पाहिलं, वास घेतला,
वहीत काही लिहिलं नाही.

धाकटी दोन महिने बोललीच नाही.
शेजारच्या कारखान्यातले माग सुरू असले
की गाढ झोपायची, तोंड उघडं टाकून.
वीज गेली, माग थांबले,
की दचकून रडत उठायची.
आमच्या भागातल्या सगळ्या पोरांचं हेच,
मी नेसरिनला सांगितलं,
कुठल्या भाषेत ते आता आठवत नाही.

एक बॅग मात्र त्यांनी कधी उघडली नाही.
पलंगाखाली, कुलपासकट.
एप्रिलात, त्रेचाळीस अंश तापमानात,
दुपारी वर गेले तर पंख्याखाली
दोन्ही पोरं लोकरीचे कोट घालून बसलेली,
घामाने निथळत, बाह्यांत नाक खुपसून.
नेसरिन दारात उभी.
रागावेल वाटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं,
तिसरा कोट काढला,
आणि त्यांच्यात जाऊन बसली.
मी दार हळूच ओढून घेतलं.

जायच्या आदल्या दिवशी पाण्याचा वार होता.
पहाटे तीनला वरून पाइपचा आवाज.
बघते तर नेसरिन :
पिंप भरलं, बादल्या, घागर,
तांब्या, दिलाराची खेळण्यातली किटली,
वर झाकणं, झाकणांवर दगड.
अगं, उद्या तुम्ही नसणार, कशाला?

ती थांबली. हिशोब केला बोटांवर.
पाच, म्हणाली. मराठीत.
आणि नळ येतोय तोवर
आणखी एक पातेलं लावलं.